पाकटांच्या पाण्यात पाय कसा ठेवावा?

शंका-समाधान : पाणी आणि पोहणे

एकाच विषयावरची चार पत्रे हाती आल्यामुळे या अंकात ती एकत्र घेतली आहेत. मुले परदेशी स्थायिक झालेली घरे सातारा-सांगलीकडे आता गल्लोगल्ली आहेत आणि आईवडिलांना मोठ्या प्रवासी जहाजावर, म्हणजे क्रूझवर, नेण्याची पद्धतही रुळली आहे. त्यामुळे कॅरिबियन समुद्रातल्या एका वाळूच्या उंचवट्यावर कसे उभे राहावे, हा प्रश्न थेट विश्रामबागेतून यावा, याचे आता नवल वाटत नाही.

प्रश्न : मी 61 वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. मुलगा आणि सून टेक्सासमध्ये असतात. येत्या डिसेंबरात त्यांनी गॅल्व्हेस्टन बंदरातून सुटणाऱ्या क्रूझवर आम्हां दोघांसह सात दिवसांची सहल ठरवली आहे. जहाज ग्रँड केमन बेटापाशी थांबेल त्या दिवशी ‘स्टिंगरे सिटी’ नावाच्या ठिकाणी पाण्यात उतरून स्टिंगरे या चपट्या, शेपटीला काटा असलेल्या माशांमध्ये वावरण्याचा कार्यक्रम आहे आणि त्याचे पैसेही भरून झाले आहेत. नऊ वर्षांची नात रोज फोनवर “आजी, तू माझा हात धरशील ना?” असे विचारते. लहानपणी मी पाठीला भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकले. परंतु मगरींच्या बातम्या वाढल्यापासून नदीत पाऊल घातलेले नाही. मगरींना हाताळणारा तो प्रसिद्ध ऑस्ट्रेलियन माणूस याच माशाच्या काट्याने गेला, हे वाचल्यापासून तर मला झोप लागत नाही. यजमानांना मधुमेह आहे. नाही म्हणावे तर नातीचा हिरमोड होतो, हो म्हणावे तर पाण्यात उतरल्यावर माझी फजिती होईल. मी काय करावे?
— एक भगिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपले पत्र दोनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आले, की आपल्याला भीती मगरीची आहे आणि ती आपण एका निराळ्याच प्राण्याच्या नावावर मांडली आहे. कृष्णेतल्या मगरीची भीती घालवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. मगर पाण्याखाली दबा धरून बसते, काठावर आलेल्या जनावराला भक्ष्य समजते आणि ओढून नेते. भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या काठावर राहणाऱ्या माणसाने घाटाची शेवटची पायरी टाळावी, यातच शहाणपण आहे. स्टिंगरेचे वागणे याच्या नेमके उलटे असते. तो वाळूत अंग पुरून लपतो, कोणी जवळ आले तर पळतो आणि पळायला वाव उरला नाही तरच काटा वापरतो. त्याचे तोंड पोटाच्या बाजूला असते आणि डोळे पाठीवर असतात, म्हणजे जे तो खातो ते त्याला खाताना दिसतही नाही. वास आणि सूक्ष्म विद्युत-संवेदना यांच्या आधारे तो वाळूतले खेकडे, शिंपल्या आणि किडे हुडकतो आणि चपट्या दातांनी भरडून खातो. माणसाचा पाय हे त्याचे खाद्य नाही.

या माशाला आपल्या कोकण किनाऱ्यावर ‘पाकट’ म्हणतात. मालवण-रत्नागिरीकडे तो बाजारात येतो आणि जाळ्यात पाकट आले, की जाणता मच्छीमार आधी त्याच्या शेपटीकडे पाहतो. मी यापुढे हेच नाव वापरणार आहे. ‘स्टिंगरे’ या शब्दात डंख अगोदर येतो आणि मासा मागाहून. आपली झोप बहुधा त्या शब्दानेच उडवली असावी.

आता त्या ऑस्ट्रेलियन माणसाविषयी. स्टीव्ह आयर्विन यांचा मृत्यू 4 सप्टेंबर 2006 रोजी क्वीन्सलँडजवळच्या बॅट रीफ येथे झाला. (आडनाव वाचताना सांगलीकराच्या डोळ्यांपुढे 1929 सालचा आपला आयर्विन पूल उभा राहणार, हे मला ठाऊक आहे, त्या दोघांचा काही संबंध नाही.) चित्रीकरण चालू असताना ते उथळ पाण्यात एका मोठ्या पाकटाच्या अगदी जवळ पोहत होते, त्या पाकटाने शेपटी मारली आणि काटा त्यांच्या छातीत शिरला. ही घटना जगभर गाजली, याचे कारण ते प्रसिद्ध होते हे तर आहेच, पण पाकटाच्या काट्याने माणूस दगावणे ही अतिशय विरळा गोष्ट आहे, हेही आहे. पाकटाची इजा जवळजवळ नेहमी पावलाला किंवा घोट्याला होते आणि तिचे कारण बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे वाळूत दडलेल्या माशावर माणसाने पाय दिलेला असतो.

काट्याची रचना समजून घेतली, तर हे अधिक स्पष्ट होईल. पाकटाची शेपटी चाबकासारखी लांब असते आणि काटा तिच्या टोकाला नसून बुंध्याच्या बाजूला असतो. त्याच्या दोन्ही कडांना करवतीसारखे दाते असतात, वर पातळ त्वचेचे आवरण असते आणि त्या आवरणाच्या पेशींत विष असते. पाठीवर दाब पडला, की पाकट शेपटी विंचवासारखी वर उचलून पुढे मारतो. वरून दाब पडला नाही किंवा कोणी घट्ट धरून ठेवले नाही, तर ही क्रिया घडण्याचे कारणच उरत नाही. म्हणून पाकटांच्या पाण्यात पाय कधीही उचलून टाकायचा नसतो. तळवा वाळूला टेकलेला ठेवून, दळण सांडलेल्या जमिनीवरून अंधारात चालावे तसा, तो पुढे सरकवायचा असतो. सरकणारा पाय माशाला बाजूने लागतो, माशाला चाहूल लागते आणि तो निघून जातो.

आपल्या भीतीवरचा उपाय मला इथेच दिसतो. मी साताऱ्यात 20 हून अधिक वर्षे प्रौढ स्त्री-पुरुषांना पोहायला शिकवते आहे आणि घाबरलेले माणूस पाण्यात काय करते, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. ते श्वास रोखते, हात वर घेते, टाचा उचलते आणि उड्या मारू लागते. जलतरण तलावात या उड्यांनी कोणाचे काही बिघडत नाही. पाकटांच्या वाळूवर मात्र नेमकी हीच एक कृती धोक्याची असते, म्हणजे धोका घाबरण्यात नसून घाबरल्यावर पाय उचलण्यात असतो. त्यामुळे “घाबरू नका” असे मी आपल्याला सांगणार नाही. आपण घाबराच, परंतु पाय सरकवत घाबरा. घाबरलेल्या शरीराला एखादे काम नेमून दिले, की त्याचा गोंधळ पुष्कळ कमी होतो आणि सुदैवाने इथे नेमून द्यायचे काम आणि सुरक्षिततेचा उपाय एकच आहे.

याचा सराव घरापासून करावा. डिसेंबरला अवकाश आहे. आठवड्यातून तीन दिवस जलतरण तलावाच्या उथळ भागात, कमरेइतक्या पाण्यात, कठड्याला हात न लावता या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय सरकवत चालावे. हे जमू लागले, की यजमानांना किंवा मैत्रिणीला अचानक पाण्यावर हात आपटायला सांगावे, पोटरीला ओला टॉवेल लावायला सांगावे आणि दचकल्यावरही तळवे फरशीवरच राहतात का, ते पाहावे. पहिल्या आठवड्यात राहणार नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात राहू लागतील. सोबतीला श्वासाचा सराव हवा. तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढत सावकाश श्वास सोडावा; आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्याला अधिक वेळ द्यावा. चेहऱ्याला पाणी लागले, की हृदयाचे ठोके काहीसे मंदावतात, ही शरीराची मुळातलीच सोय आहे. कृष्णेत भोपळ्यावर शिकलेल्या माणसाचे अंग पाणी विसरत नाही. आपल्याला मधल्या वर्षांची धूळ तेवढी झटकायची आहे. शिवाय समुद्राचे खारे पाणी नदीपेक्षा माणसाला अधिक उचलून धरते, हे पहिल्या पाच मिनिटांतच आपल्या ध्यानात येईल.

भीतीची आणखी एक खोड सांगते. ती चढते, काही मिनिटे शिखरावर राहते आणि माणूस जागचे हलले नाही तर आपोआप उतरू लागते. शिखरावर असतानाच पळ काढला, तर पळाल्यामुळेच वाचलो असा शरीराचा समज होतो आणि पुढच्या वेळी भीती अधिक लवकर येते. याउलट थोडे उतरून, तिथेच थांबून, ती ओसरल्यावर बाहेर आले, तर तेवढी पायरी कायमची आपली होते. रात्री दोन वाजता मोबाईलवर चित्रफिती पाहिल्याने मात्र यातले काहीच साधत नाही, कारण तिथे भीती चढते आणि ओसरण्याच्या आत पुढची चित्रफीत सुरू होते. त्या पाहणे आपण आजपासून बंद करावे, असे मी थोड्या शिक्षिकी अधिकाराने सांगते. आपणही शिक्षिका आहात, रागावणार नाही.

ठिकाणाची माहिती असली, की निम्मे दडपण उतरते, म्हणून तीही देते. ग्रँड केमन बेटाच्या उत्तरेला ‘नॉर्थ साउंड’ नावाचे मोठे उथळ खारे सरोवर आहे. बाहेरच्या बाजूला प्रवाळाची रांग असल्यामुळे आतले पाणी बव्हंशी शांत असते. पूर्वी मासेमारीहून परतणाऱ्या होड्या या आडोशाला थांबून मासे साफ करीत आणि उरलेसुरले पाण्यात टाकीत. त्या वासाने पाकटे जमू लागली. 1980 च्या दशकात पाणबुड्यांनी त्यांना हाताने खाऊ घालायला सुरुवात केली आणि बघता बघता ते जगप्रसिद्ध ठिकाण झाले. तिथे दोन जागा आहेत. एक साधारण 12 ते 15 फूट खोल, पाणबुड्यांसाठी. दुसरी वाळूचा उंचवटा, जिथे पाणी 3 ते 4 फूट, म्हणजे कमरेच्या आसपास असते. जहाजावरच्या प्रवाशांना सहसा या दुसऱ्या जागी नेतात. पाणी इतके स्वच्छ असते, की आपल्या पायाची बोटे दिसतात आणि येणारे पाकट दुरूनच काळ्या सावलीसारखे दिसते. गढूळ कृष्णेत जे दिसत नाही त्याची धास्ती असते. इथे सगळे दिसते. तिथली पाकटे मोकळी, जंगली आहेत. माद्या मोठ्या, रुंदीला दीड मीटरपर्यंत वाढणाऱ्या आणि नर साधारण त्यांच्या निम्म्याने असतात. काही इतर पर्यटनस्थळी बंदिस्त पाण्यात ठेवलेल्या पाकटांच्या काट्याची टोके कापलेली असतात. ग्रँड केमनला तसे नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण “तिथे काटे काढलेले असतात” असे कोणी आपल्याला धीर देण्यासाठी सांगेल, आणि खोट्या माहितीवर उभा केलेला धीर ऐन वेळी टिकत नाही.

मी स्वतः बहिणीच्या कुटुंबाबरोबर एकदा तिथे गेले होते. इतरांना पाणी शिकवणारी मी, आणि बोटीच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर दोन्ही हातांनी दांडा धरून उभी राहिले. पहिले पाकट पोटरीला घासून गेले, तेव्हा मी किंचाळले, हे बहीण अजूनही चारचौघांत सांगते. स्पर्श कसा असतो, हे आधी माहीत असते तर बहुधा किंचाळले नसते, म्हणून आपल्याला सांगून ठेवते : भेंडी चिरताना बोटांना जो बुळबुळीतपणा येतो, तसा पाठीचा स्पर्श असतो; पोटाची बाजू त्याहून मऊ, गुळगुळीत असते. कडेचा पंखासारखा भाग लुगड्याच्या ओल्या पदरासारखा पायावरून सरकतो आणि निघून जातो. तो आपल्याला घासतो याचे कारण आपल्याशी त्याला काही कर्तव्य असते असे नाही. बोटीचा आवाज झाला की खाऊ मिळतो, एवढे त्याने शिकून ठेवलेले असते. आपल्या हातात खाऊ नसेल, तर तो पुढच्या माणसाकडे जातो. मी शिडीवर दहा मिनिटे तरी उभी होते. मग वाळूवर उतरले, पाय सरकवत पाच पावले गेले आणि पाचव्या पावलाला मला भूक लागल्याची जाणीव झाली. भीती उतरल्याची याहून खात्रीची खूण मला माहीत नाही.

त्या दिवशीच्या व्यवस्थेबद्दल थोडे लिहिते. मोठी जहाजे ग्रँड केमनला धक्क्याला लागत नाहीत, जॉर्ज टाउनसमोर समुद्रात उभी राहतात आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर आणतात. समुद्र खवळलेला असेल, तर कप्तान ते बंदर वगळून पुढे जातो. म्हणजे महिनाभर ज्या क्षणाची धास्ती घेतली, तो क्षण येणारच नाही, हेही शक्य असते. किनाऱ्यावरून पुन्हा वेगळ्या बोटीने वाळूच्या उंचवट्यापर्यंत जावे लागते. बोट लागत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी आधी घ्यावी आणि न्याहारी हलकी ठेवावी. मळमळ आणि भीती पोटात एकत्र आल्या, की कोणती कुठली ते कळत नाही. निवड करता येत असेल, तर सकाळची पहिली फेरी घ्यावी, कारण एका दिवशी अनेक जहाजे आली, की त्या वाळूवर जत्रा भरते आणि इतरांच्या उड्यांचा ताप आपल्याला होतो. पोशाख पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहण्याचा असावा. त्याने अंगही झाकते आणि उन्हाचे मलमही कमी लागते. तेलकट मलम हाताला लावून माशांना स्पर्श करू नये, त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्यांचे संरक्षण असते. अंगठ्या, बांगड्या खोलीतल्या तिजोरीत ठेवाव्यात. मंगळसूत्र काढायचे नसेल, तर ते पोशाखाच्या आत राहील असे पाहावे. वाळूत पडलेला दागिना तिथे कोणाला सापडत नाही.

यजमानांचा प्रश्न मला आपल्या प्रश्नापेक्षा गंभीर वाटतो. मधुमेहात पावलांची संवेदना कमी झालेली असेल, तर पायाखाली काय आले हे त्यांना कळणार नाही आणि झालेली लहानशी जखमही चिघळू शकते. रबरी बूट घालून हा प्रश्न सुटेल असे आपल्याला वाटेल. मलाही वाटले होते आणि मी नवे कोरे बूट घेऊन गेले होते. परंतु त्या संरक्षित क्षेत्रात 4 फुटांहून उथळ पाण्यात पादत्राणे घालण्यास नियमानेच मनाई आहे. काटा तसाही पातळ रबरातून आरपार जाऊ शकतो. म्हणून निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांकडून पावलांची संवेदना तपासून घ्यावी. ती कमी असेल, तर यजमानांनी बोटीवर बसून वरून पाहावे. पाणी स्वच्छ असल्यामुळे तिथूनही पुष्कळ दिसते, आणि छायाचित्रे काढायला कोणीतरी वर लागतेच.

काटा लागलाच, तर काय करतात, हेही माहीत असावे. पाकटाचे विष प्रथिनांचे असते आणि उष्णतेने त्याचा जोर मोडतो. म्हणून जखमी पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 40 ते 45 अंश सेल्सिअस, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवतात. वेदनेने बधिरलेल्या पायाला चटका कळत नाही, त्यामुळे पाणी आधी दुसऱ्या, धडधाकट पायाने पाहावे. रक्त येत असेल तर दाबून धरावे. त्यानंतर डॉक्टरांना दाखवावेच, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो आणि धनुर्वाताचे इंजेक्शनही बघावे लागते. छातीत, पोटात किंवा मानेत काटा रुतला असेल, तर तो उपसू नये. वेदना तीव्र असते, पण पायाच्या इजेतून माणूस बरा होतो. सांगलीत विंचू चावलेली माणसे आपण पाहिली असतील; ही वेदना त्याच जातीची समजा.

आता नात. तिला आजच फोनवर खरे सांगून टाकावे : “आजीला भीती वाटते आहे आणि आजी सराव करते आहे.” तिने आपला हात मागितला आहे, आपण तिचा मागावा आणि पाय सरकवण्याची युक्ती तिला आपणच शिकवावी. आयुष्यभर वर्ग सांभाळलेल्या बाईंचे लक्ष शिकवताना स्वतःच्या भीतीकडे राहत नाही. आणि शिडीपर्यंत जाऊन, तिथे थोडा वेळ बसून, नकोच वाटले तर वर परत यावे. त्यात फजिती कसली? फक्त तो निर्णय त्या शिडीवर घ्यावा, विश्रामबागेतल्या पलंगावर नाही.

प्रश्न : मला अजिबात पोहता येत नाही. पाणी कमरेइतकेच असते, तर जीवरक्षक जाकीट घालून निर्धास्त उतरावे का?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : उतरावे, पण जाकिटाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पूर्ण फुगलेले जाकीट कमरेइतक्या पाण्यात माणसाला वर उचलते, पाय अधांतरी होतात आणि पोहता न येणारा माणूस पाय खाली लावण्यासाठी धडपडू लागतो. मग वर सांगितलेले पाय सरकवणे राहून जाते. तोंडाने फुगवता येणारे जाकीट असेल, तर ते अर्धेच फुगवावे, म्हणजे तळवे वाळूला टिकतील. बोटीवरच्या मार्गदर्शकाला पोहता येत नसल्याचे आधीच सांगावे. ते लपवणारे पुरुष मी फार पाहिले आहेत. भरतीचे पाणी आणि उंचवट्याची कड यामुळे खोली जागोजाग बदलते, तेव्हा बोटीची शिडी नजरेआड होऊ देऊ नये. आणि जाण्याआधी महिनाभर तलावात निदान पाठीवर तरंगायला शिकावे. त्याला वय लागत नाही.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. त्या माशांना खाऊ म्हणून दुसरे जलचर हातात देतात, असे ऐकले. शिवाय जंगली प्राण्याला केवळ आपल्या मौजेसाठी हाताळणे योग्य आहे का? भीतीपेक्षा मला याचाच संकोच अधिक वाटतो.
— एक वाचक, सांगली

उत्तर : खाऊ म्हणून बहुधा माकुळाचे, म्हणजे स्क्विडचे, तुकडे देतात. ते हातात घेण्याची सक्ती कोणावरही नसते. घेतले नाही, तर पाकटे आपल्याभोवती कमी घोटाळतात, त्यामुळे भित्र्या माणसालाही मी तोच सल्ला देते. हातात माकूळ असल्यास पाकट आपल्या अंगावर चढू पाहते आणि खाऊ समजून कातडी ओढले, तर तिथे काळानिळा डाग उठतो.

आपला दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे आणि त्याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. पाकट हा मुळात रात्री एकेकटा हिंडून खाणारा प्राणी. त्या वाळूवरच्या पाकटांचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले, की ती दिवसा जागी राहू लागली आहेत, थव्याने वावरतात आणि त्यांच्या अंगावर होड्यांच्या जखमा व परजीवी इतर ठिकाणच्या पाकटांपेक्षा अधिक असतात. माकूळ हेही त्यांचे रोजचे नैसर्गिक अन्न नव्हे. दुसऱ्या बाजूने पाहता, पर्यटकांमुळेच जिवंत पाकटाला मोल आले आणि केमन बेटांनी त्यांना कायद्याचे संरक्षण दिले. त्यांना पाण्याबाहेर उचलणे तिथे गुन्हा आहे. आपल्या जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी आठवून पाहावी. नागावरची श्रद्धा खरी होती, नाग पकडणाऱ्यांचे कौशल्यही खरे होते, तरीही जिवंत नागांच्या मिरवणुकीत नागाचे हाल होतात म्हणून न्यायालयाला ती थांबवावी लागली. पाकटाचे चुंबन घेतले तर सात वर्षे भाग्य उजळते, असे तिथले मार्गदर्शक हसत हसत सांगतात आणि त्यासाठी मासा पाण्याच्या पृष्ठाशी दोन्ही हातांवर धरून ठेवतात. माझ्या मते तिथे जाऊन स्वच्छ पाण्यात उभे राहावे, ते जवळून जाताना पाहावे, आपण होऊन स्पर्श करू नये, चुंबनाला नम्रपणे नकार द्यावा आणि खाऊ देऊ नये. एवढ्यानेही आपल्या मनाची टोचणी जात नसेल, तर तो दिवस बेटावर दुसरीकडे घालवावा. संकोच घेऊन पाण्यात उतरलेला माणूस घाबरलेल्या माणसाइतकाच अवघडलेला असतो.

प्रश्न : आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला भीती मुळीच नाही, उलट तो उड्या मारायला उतावीळ आहे. त्याला नेऊ का?
— एक माता, कराड

उत्तर : न घाबरणाऱ्या मुलाची मला घाबरणाऱ्या आजीपेक्षा अधिक काळजी वाटते. 3 ते 4 फूट पाणी त्याच्या छातीपर्यंत, कुठे कुठे डोक्यावरूनही जाईल आणि बोटीवरून धाडकन उडी मारणे हाच त्याचा पहिला विचार असेल. जीवरक्षक जाकीट घालून, शिडीवरूनच उतरवून, त्याला आपल्या कडेवर किंवा पाण्यावर तरंगता ठेवावे. वाळूवर उभे करू नये. शेपटी धरायची नाही, ही एकच गोष्ट त्याला घरी दहा वेळा सांगावी आणि तरीही त्याचे हात आपल्या हातांत ठेवावेत. वीस मिनिटे पुरेत. नंतर वर घेऊन कोरडे करावे आणि खायला द्यावे.